जुन्या नॉन-एसी गाडीला एसी बसवताना: गाडीच्या तयारीपासून गॅस भरेपर्यंत

विदर्भ-खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नॉन-एसी गाडीत काचा उघडल्या तरी हाल आणि लावल्या तरी हाल. दारात मारुती ८०० उभी आहे, इंजिन ठणठणीत आहे, कागदपत्रं चालू आहेत, आणि तरी आजीला दुपारी दवाखान्यात न्यायचं तर भाड्याची एसी गाडी बोलवावी लागते, अशी पुष्कळ घरं आहेत. त्या ८०० ला एसी बसतो आणि नीट बसवला तर वर्षानुवर्षं चालतो. तो फसतो तेव्हा दोष सामानात क्वचितच असतो. जुनी गाडी तो भार घ्यायला तयार केलेली नसते, किंवा शेवटच्या दिवशी गॅस भरायची घाई झालेली असते. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

उदाहरणाला कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० स्टँडर्ड घेतो: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ बीएचपी. जिथे मारुतीच्याच जिप्सीचं गणित वेगळं आहे तिथे ते सांगेन. काम तुम्ही स्वतः करणार असाल किंवा गॅरेजात करून घेणार असाल, क्रम तोच. गॅरेजात करून घेणाऱ्याला तर हा क्रम जास्तच माहीत हवा, कारण कोणती पायरी गाळली गेली हे नंतर वरून दिसत नाही.

आधी एसी काम कसं करतो ते थोडक्यात. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबून गरम करतो. रेडिएटरच्या पुढे लावलेला कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो आणि गॅसचं द्रव होतं. हे द्रव ड्रायरमधून गाळून, ओलावा शोषून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत येतं. तिथल्या बारीक भोकातून सुटताना दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डखालची कूलिंग कॉइल गार होते. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा फेकतो. पुढची प्रत्येक सूचना या फेऱ्यातल्या कुठल्यातरी एका जागेची आहे.

गाडी भार घेईल का?

कॉम्प्रेसर चालू असताना लहान गाडीच्या इंजिनची काही अश्वशक्ती खातो. ३७ मधून तीन-चार गेल्या तरी चढावर ते लगेच जाणवतं. त्यामुळे पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल, इंजिन तेल पीत असेल किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर एसीचे पैसे आधी इंजिनवर घाला. यात मी तडजोड सुचवणार नाही.

दुसरं काम रेडिएटर. कंडेन्सर बसला की रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळणं बंद होतं. कंडेन्सरमधून तापून आलेली हवा मिळते. आजवर तापमानाची सुई अर्ध्यावर राहणारी गाडी एसी चालू केल्यावर ट्रॅफिकमध्ये उकळते ती यामुळे. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, होसपाइप दाबून पाहा, फुगलेले किंवा भेगाळलेले बदला, कॅप नवी घ्या आणि साधं पाणी काढून कूलंट भरा.

इथे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, आवर्जून तपासा. गाडी एकदा गरम झाली की हा व्हॉल्व्ह काढून फेकायची सवय आपल्याकडच्या कितीतरी गॅरेजना आहे. वरच्या होसपाइपच्या तोंडाशी असलेलं झाकण दोन बोल्ट काढून उघडा. आत पितळी रंगाची, मध्ये स्प्रिंग असलेली चकती दिसली पाहिजे. नुसतीच पोकळी दिसली तर नवा व्हॉल्व्ह आणि गॅस्केट टाका. व्हॉल्व्ह नसलेलं इंजिन सकाळी उशिरा तापतं, पेट्रोल जास्त खातं, आणि कूलंट कुठल्या वाटेने किती फिरावं याचा हिशोबच बिघडतो. व्हॉल्व्ह असताना गाडी तापते म्हणजे दोष दुसरीकडे आहे. तो एसी बसवायच्या आधी सापडायला हवा.

तिसरं काम वीज. कॉम्प्रेसरचा क्लच (एसी लावला की कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा विजेचा भाग) साधारण ४ अँपिअर घेतो, ब्लोअर पूर्ण वेगावर १० ते १२, कंडेन्सरचा पंखा ८ ते १०. म्हणजे २५ अँपिअरच्या आसपास नवा भार. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि एसी एकदम चालू असेल तेव्हा लहान अल्टरनेटर मागे पडतो, आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, तर नक्कीच. साधी चाचणी करा: इंजिन आयडलवर, हेडलाइट आणि मिळतील ते सगळे दिवे-पंखे चालू, आणि मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलवर. आकडा १३ व्होल्टच्या खाली जात असेल तर आजच अल्टरनेटर दमतोय. एसीवाल्या मॉडेलचा मोठा अल्टरनेटर शोधा. बॅटरीपासून इंजिन आणि बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या वायरीही काढून, घासून, पुन्हा आवळा. जुन्या गाडीत निम्मे विजेचे दोष तिथेच सापडतात.

चौथं काम लोक हमखास विसरतात: गाडीच्या फटी बंद करणं. दरवाज्यांचे रबर कडक झाले असतील, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात वायरी जातात त्या भोकांचे ग्रोमेट (रबरी कड्या) गळाले असतील, पेडलपाशी उजेड दिसत असेल, तर कॉइल कितीही गार झाली तरी केबिन गार होत नाही. दुपारी गाडीत बसून सगळ्या काचा लावा आणि कुठून उजेड येतो ते बघा. रबर बदलायला फार खर्च येत नाही आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. गालिच्याखाली आणि छताच्या आत उष्णतारोधक थर टाकता आला तर उत्तम. काचांना काळी फिल्म लावायचा मोह मात्र टाळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

कापडी टपाच्या जिप्सीवाल्यांना प्रामाणिक सल्ला: आधी हार्डटॉप बसवा, मग एसीचा विचार करा. कापडाखाली गारवा टिकत नाही आणि कॉम्प्रेसरला क्षणभर विश्रांती मिळत नाही. जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीला चढावर इंजिनही कमी पडतं. १३०० सीसीवाली हा भार बऱ्यापैकी पेलते.

सामान: काय जुनं चालेल, काय नवंच हवं

मारुती ८०० वाल्यांचं नशीब चांगलं आहे. हीच गाडी कंपनीतून एसीसकटही विकली जात होती. त्यामुळे कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट, क्रँकची दुहेरी पुली, कंडेन्सर, कूलिंग कॉइलचा डबा, पाइप, हे सगळं त्या गाडीच्या मापाचं मिळतं. सुब्रोस ही मारुतीला एसी पुरवणारी जुनी कंपनी. तिचं सामान आजही दुकानांत विचारता येतं. आपल्या मॉडेलचं मूळ सामान मिळत असेल तर युनिव्हर्सल किटच्या वाटेला जाऊ नका. युनिव्हर्सल किटमध्ये ब्रॅकेट कापून-वेल्डिंग करून जमवावं लागतं, आणि पुढचा सगळा त्रास त्या ब्रॅकेटपासून सुरू होतो. जिप्सीवाल्यांना किटशिवाय इलाज नाही, पण जिप्सीसाठीच बनवलेलं ब्रॅकेट असलेलं किट मागा.

जुनं सामान पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला शोधता येतं. बिल घ्या; बिल द्यायला तयार नसलेल्या दुकानातून कॉम्प्रेसर घेऊ नका. ब्रॅकेट, पुली, डबा, ब्लोअरची मोटर या गोष्टी जुन्या चालतात. जुना कंडेन्सर चालतो, पण फिन्स चेपलेल्या नकोत. जुना कॉम्प्रेसर घेताना क्लचची पुढची तबकडी हाताने फिरवा. ती सारख्या जोराने, खरखर न करता फिरली पाहिजे. मग तो उपडा करून आतलं तेल पांढऱ्या कपड्यावर थेंबभर पाहा. तेल काळं असेल किंवा त्यात चमचमणारा धातूचा कीस असेल तर तो कॉम्प्रेसर फुकटही घेऊ नका, कारण तो कीस कंडेन्सर आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, सगळ्या ओ-रिंगा आणि पट्टा मात्र नवेच. रबरी होसपाइपही नवे, बॅरियर प्रकारचे. साध्या रबरातून आर-१३४ए, म्हणजे या एसीत भरायचा गॅस, हळूहळू झिरपून जातो.

खूप जुन्या गाडीतून काढलेलं सामान आर-१२ या आधीच्या गॅसचं असू शकतं. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो गॅस मॉन्ट्रियल कराराखाली बंद झाला, आणि २०१० पासून भारतातही तो नव्याने मिळत नाही. त्यात खनिज तेल चालायचं. आर-१३४ए ला पॅग हे कृत्रिम तेल लागतं. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळत नाहीत. असं सामान वापरायचंच तर आतून पूर्ण धुऊन, एचएनबीआर रबराच्या हिरव्या ओ-रिंगा टाकून वापरा.

बसवायचा क्रम

१. ब्रॅकेट आणि कॉम्प्रेसर. ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकलाच बसलं पाहिजे, चॅसिस किंवा बॉडीला कधीही नाही. इंजिन माउंटिंगवर हलतं. कॉम्प्रेसर त्याच्याबरोबर हलला नाही तर पट्टा तुटतो. दोन पुल्या एका रेषेत आहेत का हे लोखंडी पट्टी दोन्हींच्या तोंडाला टेकवून पाहा. पट्टी आणि पुलीत फट दिसली तर वॉशर टाकून काढा. नुसत्या नजरेच्या अंदाजावर सोडू नका. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण ८ ते १० मिलिमीटर दबावा. जास्त आवळला तर बेअरिंग जातात, सैल सोडला तर एसी लावताच किंचाळतो.

२. कंडेन्सर. रेडिएटरच्या पुढे बोटभर अंतर ठेवून बसवा आणि बाजूच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा. फट राहिली तर पंखा बाजूची हवा ओढतो आणि कंडेन्सरमधून काहीच जात नाही. कंडेन्सरला स्वतंत्र पंखा हवाच. ब्लेड कोणत्या बाजूला हवा टाकतात ते कागदाचा तुकडा धरून पाहा; उलटा जोडलेला पंखा धावत्या गाडीच्या वाऱ्याशी झगडत राहतो.

३. कूलिंग कॉइलचा डबा. ८०० मध्ये तो डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली जातो. एसीच्या थर्मोस्टॅटची (हा इंजिनच्या थर्मोस्टॅटहून वेगळा) बारीक नळी किंवा सेन्सर कॉइलच्या फिन्समध्ये नीट खोचा, नाहीतर कॉइलवर बर्फ धरून हवा येणंच थांबतं. डब्याची पाणी जायची नळी खालच्या उताराने बाहेर काढा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिथून सतत पाणी गळतं. नळी वर चढवलेली असेल तर ते पाणी डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायांवर येतं आणि गालिच्याखालचा पत्रा गंजतो.

४. पाइप. सर्वांत जाड पाइप कॉइलकडून कॉम्प्रेसरला परत येणारा, सर्वांत बारीक द्रव नेणारा. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून शक्य तितके लांब ठेवा आणि पत्र्यातून जातात तिथे ग्रोमेट घाला. प्रत्येक ओ-रिंगला पॅग तेलाचा थेंब लावून मगच जोड बसवा, आणि नट दोन पाने लावून आवळा. एकाच पान्याने आवळला तर ॲल्युमिनियमचा पाइप पिळवटतो.

५. वायरिंग. बॅटरीपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ ३० अँपिअरचा फ्यूज, आणि क्लच, पंखा, ब्लोअर यांना वेगवेगळे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच). डॅशबोर्डवरच्या बटणातून फक्त रिलेचा छोटा करंट जावा. जुन्या इग्निशन स्विचवरून थेट लाइन घेणारा इलेक्ट्रिशियन आग लागायची सोय करून ठेवतो. दाबाचा स्विच क्लचच्या लाइनमध्येच ठेवा. गॅस फार कमी झाला किंवा दाब फार वाढला तर कॉम्प्रेसर बंद करणारा हा एकमेव पहारेकरी आहे. तो शॉर्ट करून एसी चालवून दाखवणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका.

६. आयडल. कार्ब्युरेटरच्या गाडीला आयडल-अप लागतो: एसी लावताच व्हॅक्यूमवर चालणारी छोटी झडप थ्रॉटल जरासा उघडते. तो नसेल तर सिग्नलला गाडी बंद पडते, आणि मेकॅनिक स्क्रू फिरवून आयडल कायमचं वाढवून ठेवतो, मग एसी बंद असतानाही पेट्रोल जळतं. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या गाडीत एसी लागल्याचा सिग्नल ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) द्यावा लागतो. त्याची वायर बहुतेक वेळा मूळ हार्नेसमध्ये तयार असते.

७. ड्रायर. हा सगळ्यात शेवटी. त्याच्या आत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि टोपणं काढली की ते बाहेरच्या हवेतला ओलावा ओढायला लागतात. आदल्या संध्याकाळी टोपणं काढून बाकावर ठेवलेला ड्रायर सकाळी बसवू नये, पावसाळ्यात तर नाहीच. सगळे पाइप जोडून झाले की टोपणं काढा, पाच मिनिटांत जोडा आणि लगेच पुढच्या कामाला लागा.

व्हॅक्यूम: इथे घाई नको

आधी गळती तपासा, कोरड्या नायट्रोजनने. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, तिच्यात पाण्याची वाफ असते. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाशी त्याचा संबंध आला की स्फोट होतो. दीडशे पीएसआयच्या आसपास दाब देऊन प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा आणि अर्धा तास गेजची (दाब दाखवणाऱ्या मीटरची) सुई बघा.

मग नायट्रोजन सोडून द्या आणि व्हॅक्यूम पंप लावा. कितीतरी ठिकाणी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून लावतात आणि पाच-दहा मिनिटांत उरकतात. काही जण पंप न लावता गॅसनेच हवा बाहेर ढकलतात. त्या गाडीचा एसी पहिल्या दिवशी मस्त गार करतो, म्हणूनच ही फसवणूक कळत नाही. आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकाशी गोठतो. गारवा येतो, थांबतो, पुन्हा येतो. काही महिन्यांनी तोच ओलावा तेलात आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर आतून खातो.

पंप किमान पाऊण तास चालू द्या. आपण फक्त हवा काढत नाही. आतला दाब इतका खाली नेतो की पाणी साध्या तापमानाला उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. त्याला वेळ लागतो. गेजवर समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबईत किंवा रत्नागिरीत, सुई पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जाते. पुणे ५६० मीटर उंचावर आहे, तिथे पूर्ण व्हॅक्यूमलाही ती २८ च्या आसपासच थांबते. पंप खराब नाही, तिथल्या हवेचा दाबच तेवढा आहे.

पंप बंद करा, गेजचे कॉक बंद करा आणि अर्धा तास सुईकडे पाहा. सुई जागची हलली नाही तर काम झालं. भराभर शून्याकडे गेली तर जोड गळतोय. हळूहळू थोडी वर येऊन थांबली तर आत पाणी शिल्लक आहे. पंप पुन्हा लावा. गॅरेजात काम देताना या अर्ध्या तासाला स्वतः तिथे उभे राहा, असं मी आग्रहाने सांगेन.

गॅस भरणं

चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए उणे २६ अंशाला उकळतो, डोळ्यात गेला तर इजा होते. गॅस वजनावर भरा, अंदाजावर नाही. लहान गाडीला साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. नेमका आकडा किटच्या कागदावर किंवा मूळ मॉडेलच्या स्टिकरवर असतो. गॅसचा डबा उभा धरून, लो साइडनेच, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूनेच भरा. इंजिन चालू असताना हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा कॉक उघडला तर डबा फुटू शकतो. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे गेले की गॅस पुरे झाला, ही आर-१२ च्या काळातली सवय आहे. आर-१३४ए मध्ये तोपर्यंत गॅस जास्त झालेला असू शकतो.

स्वस्तातला डबा आणि घरगुती सिलिंडरचा गॅस, दोन्ही नकोत. एलपीजीने कॉइल गार होते हे खरं, पण ती कॉइल तुमच्या केबिनमध्ये आहे आणि गळती झाली तर ठिणगी पुरते. जुना गॅस काढायचा असेल तर मशीनने काढून घ्या. आर-१३४ए हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पट तापवतो.

नवा कॉम्प्रेसर असेल तर क्लच लावण्याआधी पुढची तबकडी हाताने दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे आत साचलेलं तेल सरकतं. मग इंजिन १,५०० आरपीएमच्या आसपास ठेवून, काचा लावून, ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवून गेज वाचा. ३५ अंशाच्या दिवशी लो साइड ३० ते ४५ पीएसआय आणि हाय साइड २०० ते २५० ठीक. चंद्रपूरच्या मे महिन्यात हाय साइड ३०० कडे जाते. तिथे कंडेन्सरवर बाटलीभर पाणी ओता. दाब धाडकन खाली आला तर गॅस बरोबर आहे आणि हवा कमी पडतेय, म्हणजे पंखा किंवा फोमच्या पट्ट्या पाहा. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर दमलेला आहे.

कागदपत्रं आणि पहिले काही महिने

सामानाचं आणि मजुरीचं वेगवेगळं बिल घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवून एसी पॉलिसीत नोंदवा, नाहीतर अपघातानंतर त्याचे पैसे मिळताना वाद होतो. गाडीला १५ वर्षं झाली असतील आणि आरसीचं नूतनीकरण जवळ आलं असेल, तर बदलाबद्दल आधी आरटीओत विचारून घ्या.

उन्हात उभी गाडी सुरू केल्यावर लगेच काचा लावू नका. पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या. कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना तापमानाची सुई वर सरकू लागली तर एसी बंद करा, वरती पोचल्यावर लावा. हिवाळ्यात आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा; तेल फिरलं नाही की कॉम्प्रेसरच्या तोंडाची सील सुकते आणि तिथून गॅस जातो. पावसाळ्यात काचेवरची वाफ एसीने झटक्यात जाते, तेव्हा ही सवय लावणं अवघड नाही.

पहिल्या ५०० किलोमीटरला पट्टा पुन्हा ताणा, तो नवा असताना सैल पडतोच. १,००० किलोमीटरला ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पान्याने तपासा. तीन सिलिंडरच्या इंजिनची थरथर ते हळूहळू सोडवत असते, आणि एक बोल्ट गेला की बाकीच्यांवर ताण येऊन ब्रॅकेटला चीर पडते. सैल निघालेल्या बोल्टला लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावा आणि त्या चिरेसाठी ब्रॅकेटच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघा.